ढगातला फोटो

आज दुपारभर मी आमच्या फोटो स्टुडिओत कॉम्प्युटरवर बॅकग्राउंड लावत बसलो होतो. लग्नाची एका फोल्डरमध्ये, बारशाची दुसऱ्यात, आणि गेलेल्या माणसांसाठी निळं आभाळ, पांढरे ढग वेगळे. हे काम काही संपत नाही. डोळे तेवढे चुरचुरतात.

तेवढ्यात सकाळी नवऱ्याचा फोटो देऊन गेलेल्या आजी आल्या. उद्या आजोबांचा तेरावा. मी सवयीनं फोटोतला मागचा पसारा काढून त्यांना ढगांत बसवलं होतं. आजी स्क्रीनकडे बघत राहिल्या.

"आमचा गोठा कुठं गेला?"

"काढला, आजी. बरा दिसत नव्हता."

"अहो, ते दिवसभर तिथंच असायचे. ढगात बसून काय करतील?"

मी मूळ फोटो पुन्हा उघडला. गोठा होता, दावणीची अर्धी म्हैस होती, दोरीवर त्यांचाच टॉवेल होता. तोच छापून दिला.

आजी गेल्या आणि मी पुन्हा फोल्डर उघडले. बर्फ आहे, धबधबे आहेत, परदेशातल्या बागा आहेत. इतकी वर्षं गावातल्या माणसांच्या मागचं पुसतोय. त्यातलं एक अंगणसुद्धा मी ठेवलेलं नाही.