टाचणीचे अकरा रंग

"टाचणीने शिवणयंत्र अडगळीत टाकलंय, आणि आता ती गर्द विकते." ही बातमी तळमजल्यावरून गच्चीवर चढायला एक दुपार पुरली. तळमजल्यावर ती नुसती कुजबुज होती. पहिल्या मजल्यावर तिला साक्षीदार फुटले. गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींपाशी पोचेपर्यंत टाचणीने म्हणे गावाबाहेर जमीनही घेतली होती.

आता खरं ते सांगायला हवं. यंत्र अडगळीत नव्हतं, खिडकीखाली होतं आणि सकाळपासून खडखडत होतं. जमिनीचं सोडाच, बाईकडे दुसरी खुर्ची नव्हती. गिऱ्हाईक कपड्यांच्या गाठोड्यावर बसायचं. आणि विकत ती काहीच नव्हती. दुपारी तीन ते पाच, मागच्या दाराने, गर्द टोचून घेणाऱ्यांना ती कोऱ्या सुया द्यायची आणि वापरलेल्या परत घ्यायची. फुकट. पण कुणी काही फुकट देतं यावर इमारतीचा विश्वास बसेना. विकते म्हटलं, की लगेच बसला.

टाचणी हे नाव अर्थात पाठीमागचं. तोंडावर सगळे शिंपीणबाई म्हणत. शाळेचे गणवेश, ड्रायव्हरांच्या पँटी, पडद्यांच्या कडा, असलं काम. वय पन्नाशीच्या पुढे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. ओठांत चार टाचण्या धरून ती बोलायची, आणि टाचण्या काढल्या तरी बोलणं टोचायचं तेवढंच.

सुरुवात झाली तिच्या धाकट्या भावापासून. हा पठ्ठ्या बारा वर्षं सुईवर. एका संस्थेची नर्स त्याला कोऱ्या सुया नेऊन द्यायची, आणि तो आईची शपथ घेऊन सांगायचा, "ताई, दुसऱ्याची सुई मी कधी लावली नाही." तरी तपासणीत एचआयव्ही निघाला. टाचणी तडक नर्सकडे गेली.

"तुमच्या कोऱ्या सुया मिळून हे? मग देता कशाला?"

नर्स चिडली नाही. तिने भावाला विचारलं, "चौघं बसता तेव्हा सुया ठेवता कुठे?"

"ताटलीत."

"चौघांच्या?"

"एकच ताटली आहे," भाऊ म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचं त्यालाच उमगलं. ताटलीत चार सारख्या सुया. डोळ्यांवर झापड. हाताला येईल ती आपली. खोटं कुणीच बोलत नव्हतं. प्रत्येकाने आपलीच म्हणून उचलली होती.

भाऊ भिंतीला टेकून रडायला लागला. टाचणीने दोऱ्यांचा डबा उघडला.

"एका मापाचे चार गणवेश आले तर मी कॉलरच्या आत रंगीत टाका घालते, कुणाचा कुणाला जाऊ नये म्हणून. तुम्हा चौघांच्या मिळून डोक्यात एवढं येऊ नये? रडतोस काय, रंग सांग."

त्याने जांभळा सांगितला.

तेव्हापासून नर्सच्या सुया टाचणीच्या मागच्या दाराने वाटायच्या ठरल्या. नर्सने एकच अट घातली: पाकीट आधी फोडायचं नाही. म्हणून टाचणी बंद पाकिटाला ज्याच्या त्याच्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा बांधून द्यायची आणि ज्याने त्याने सुई बाहेर काढली की आधी तो दोरा नळीला गाठ मारून बांधायचा. ज्याला बांधता येत नसे त्याला ती गाठ शिकवायची, शाळेतल्यासारखी, चुकलं की हातावर फटका. चाराचे अकरा झाले, रंगही अकरा. दर गुरुवारी नर्स यायची. कपडे घालून बघायच्या पडद्याआड बोटातून थेंबभर रक्त घ्यायची, ज्याला लागण असेल त्याला गोळ्यांवर लावायची. दोन वर्षांत त्या अकरांत एकही नवी लागण नाही. कुठला रंग कुणाचा, हे टाचणीने वहीत लिहिलं नाही की कुणाला सांगितलं नाही. एका रंगाची बायको दारात येऊन विचारून गेली, तर टाचणी म्हणाली, "पँट लांब करायची आहे का? नाही? मग या."

अशात एका शनिवारी पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या पायरीवर वापरलेली सुई सापडली. सापडली ती तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना, म्हणजे ती घरोघर पोचलीच. इमारतीचे सेक्रेटरी, ज्यांना सगळे काका म्हणत आणि जे प्रत्येकाच्या घरी तीन चमचे साखरेचा चहा घेत, त्यांनी जिन्यात नोटीस लावली: पुढच्या रविवारी सभा, विषय एकच, शिंपीणबाईंची खोली काढून घेणे. खोली इमारतीच्या मालकीची, टाचणी भाडेकरू. खोली गेली तर मागचं दार गेलं, आणि ते अकरा पुन्हा ताटलीवर.

टाचणीने सुई बघायला मागितली. नळीला दोरा नव्हता.

"ही आमची नाही."

"दोरा काय, सुटतो," काका म्हणाले.

"मी शिकवलेली गाठ सुटत नाही."

घरी भाऊ म्हणाला, "ताई, आपल्यातला एकही जिना चढत नाही. चढायचं बळ कुणात आहे?"

"बळ नाही हा पुरावा होत नाही." तिने अकराही जणांना एकेकट्याला विचारलं, सुई कुणाचीच नव्हती. मग सोमवारपासून स्वतः झाडू घेतला आणि रोज सकाळी खालून वरपर्यंत जिना झाडायला लागली. वहिनी दारातून म्हणाल्या, "आता आठवलं का हे? पापं झाडून जातात वाटतं?"

"पापांचं माहीत नाही, तुमचा कचरा बराच जातोय," टाचणी म्हणाली, आणि पुढची पायरी झाडली.

गुरुवारी सकाळी दुसऱ्या मजल्यावर मांजराने कचऱ्याची पिशवी फाडली होती. पिशवीतून अंड्यांची टरफलं, वर्तमानपत्र आणि तीन सुया बाहेर आल्या होत्या. तशाच, बिनदोऱ्याच्या. शेजारी इन्शुलिनची रिकामी बाटली. पिशवी कुणाच्या दाराबाहेर होती ते टाचणीने वर बघायच्या आधीच ओळखलं. सेक्रेटरीकाकांच्या.

तिने चिमट्याने सुया आणि बाटली उचलून बरोबरच्या डब्यात टाकली, कचरा भरला, खाली आली. भावाने डब्यात बाटली पाहिली, लेबलावर औषधवाल्याने लिहिलेलं नाव वाचलं आणि उडालाच.

"ताई! रविवारी एक वाक्य बोल. एकच. खोली वाचते, आणि काकांचा तीन चमच्यांचा चहा इमारतभर गाजतो."

"तू काही पाहिलं नाहीस."

"तो तुला गर्दवाली म्हणतो!"

"म्हणू दे. आज त्यांचं सांगितलं तर उद्या माझ्याकडे कुणी का यावं? बाई अडचणीत आली की नावं सांगते, एवढंच कळेल सगळ्यांना. मग सुई मागायला येतील का ते?"

टाचणीने लेबल खरवडून काढलं. मग सुया टाकायचा, झाकणाचा जाड प्लॅस्टिकचा रिकामा डबा कापडी पिशवीत घातला आणि पिशवी काकांच्या दाराच्या कडीला अडकवून आली. चिठ्ठी नाही, काही नाही. काकांना वाटलं औषधवाल्याने पाठवला. त्यांनी तो वापरायलाही काढला.

रविवारी सभा गच्चीवर भरली. एवढी गर्दी पाण्याच्या प्रश्नालाही झाली नव्हती. काही जण बसायला उशा घेऊन आले. टाचणी उभीच राहिली.

"ती सुई कुणाची ते तुम्हाला माहीत आहे की नाही?" वहिनींनी विचारलं.

"माहीत आहे."

"मग सांगा!"

"नाही सांगणार."

"बघा!" काका ओरडले. "कबूल झाल्या! स्वतःच्या तोंडाने!"

"माझ्या अकरांतल्या कुणाची नाही, एवढं सांगते. ज्याची आहे त्याने कचऱ्यात टाकू नये, कचरा उचलणाऱ्याच्या हाताला लागते. झाकणाचा डबा मी फुकट देते, दाराला अडकवून जाते, आणि भरला की मागच्या दाराने परत घेते." तिचा आवाज चढला नाही. ती काकांकडे बघतही नव्हती, समोरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत होती. "खोली काढायची तर काढा. मी जिन्याखाली बसेन. तिथून उठवलंत तर फुटपाथवर बसेन. पण दोन वर्षांत एकालाही नवी लागण झालेली नाही, आणि आता ती ताटली मी परत येऊ देणार नाही."

काकांनी पाणी मागितलं. दोन पेले प्यायले. हातातला ठरावाचा कागद त्यांनी चार घड्या करून खिशात घातला आणि म्हणाले, "पुरावा नाही. ठराव मागे घेतो." उशा घेऊन आलेली मंडळी हळहळली.

का मागे घेतला, हे काढून घ्यायला आम्ही इमारतवाल्यांनी टाचणीला तीन वेळा चहा पाजला. तिने चहा प्यायला आणि ओठांत टाचण्या धरल्या. शेवटी पुष्कळ महिन्यांनी काकांनीच सांगितलं, कुणीतरी त्यांच्या कपात साखर घालत असताना, कपावर हात ठेवून. सभेच्या दुसऱ्या दिवशी काय झालं तेही त्यांनीच सांगितलं.

सोमवारी साडेतीनला काका इमारतीला वळसा घालून मागच्या दाराशी गेले. बगलेत कापडी पिशवी, आत डबा खुळखुळतोय. दाराशी तीन माणसं उभी होती. काकांनी त्यांना ओलांडून डोकं आत घातलं आणि हळूच म्हणाले, "शिंपीणबाई, माझं नाव तेवढं कुठे लिहू नका हं."

टाचणीने यंत्र थांबवलं, ओठांतल्या टाचण्या काढल्या.

"नाव इथे कुणाचंच लिहीत नाही, काका. रंग सांगा, आणि रांगेत उभे राहा. तुमच्या आधी तिघं आहेत."