पहिल्या नंबरावर सिव्हिल

मालेगाव म्हटलं की बाहेरचे लोक आम्हाला नाशिककडचे समजतात. आमचं मालेगाव वाशीम जिल्ह्यातलं, वाशीम रोडवरचं. बसस्टँडजवळ माझं ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन आणि पावसाळ्यात गळणारा पत्रा. मी भूगोल घेऊन बी.ए. झालो. भूगोल का, तर कॉलेजात फारसं जावं लागत नसे आणि वावरातली कामं सांभाळून परीक्षेला बसता यायचं. लोक या विषयाला सोपा म्हणतात. मीही म्हणायचो, कारण मी तो कधी नीट वाचलाच नाही.

या दुकानात बसून कोणती शाखा कठीण, कोणती सोपी, कशात पैसा आहे यावर इतकं ऐकलं की आता कान बधिर झालेत. इंजिनिअर झालेला पोरगा, फार्मसीवाला, डी.एड. झालेली सून आणि माझ्यासारखा बी.ए., सगळे पोलीस भरतीच्या नाहीतर तलाठ्याच्या फॉर्मसाठी एकाच रांगेत उभे राहतात. कोणाला चार वर्षं रक्त आटवावं लागलं आणि कोण गाईड वाचून निघाला, हे रांगेतल्या चेहऱ्यांवरून ओळखता येत नाही. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटतं, आणि कधीकधी त्यांच्या बापांचा रागही येतो. पण बापांवर रागवायचा हक्क मी फार पूर्वी घालवून बसलो. त्याचीच ही गोष्ट आहे.

माझी धाकटी बहीण बारावी सायन्सला चांगल्या मार्कांनी पास झाली. सीईटीतही तिनं घरातल्या कोणाला अपेक्षा नव्हती इतके मार्क आणले. तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग हवं होतं. दुकान टाकून मला दोन महिने झाले होते, आणि सुट्टीत ती दुकानात येऊन माझ्याआधी सगळं शिकून बसली होती. प्रिंटर अडला की मी त्याला थापट्या मारायचो. ती शांतपणे त्याचं पोट उघडून कागद काढायची.

कॉलेजांची पसंती भरायची वेळ आली तेव्हा सोयाबीनचं निंदण चालू होतं. शेवटच्या दिवशी ती आईबरोबर वावरात गेली आणि जाताना रफ वहीच्या पानावर यादी लिहून देऊन गेली. सगळ्यात वर अमरावतीचं कॉम्प्युटर. खाली आणखी काही कॉलेजांचं कॉम्प्युटर. अगदी शेवटी, जागा रिकामी राहू नये म्हणून, सिव्हिल.

दुपारी बाबा दुकानात आले. त्यांनी यादी माझ्याकडून वाचून घेतली आणि नाही म्हणून मान हलवली. आमचे बाबा बैलांचे जाणकार. गावात कोणाला जोडी घ्यायची असली तर बाबांना सोबत नेतात. लहानपणी मीही त्यांच्या मागं बाजारभर हिंडलोय. ज्या बैलावर डोळा आहे त्याच्याकडे ते पाठ करून उभे राहायचे. आधी नको असलेल्या दोन-चार बैलांचे दात बघायचे, त्यांचे भाव विचारायचे, नाक मुरडायचे. मनातला बैल सगळ्यात शेवटी, जाताजाता सहज विचारल्यासारखा विचारायचे. मग रुमालाखाली बोटं धरून सौदा व्हायचा. विकणाऱ्याला आपली गरज कळली की तो अडवून धरतो, हे त्यांचं साधं गणित होतं, आणि त्या गणितात ते कधी फसले नाहीत.

ते म्हणाले, "मनातलं पह्यलेच सांगतेत काय कोनी? कालेजवाले अडून बसतीन. नको तेच पह्यले टाक, मंग खाली खाली मनातलं येऊ दे."

आज हे वाचणाऱ्याला हसू येईल. मला तेव्हा आलं नाही. मला ते पटलं. वेबसाइटवर सूचनांची लांबलचक फाईल होती, ती मी पहिल्या दोन पानांपर्यंत वाचली होती. यादी मी उलटी केली. सिव्हिल पहिल्या नंबरावर गेलं आणि अमरावतीचं कॉम्प्युटर सगळ्यात खाली. बाबांनी खुर्चीवर बसून चहा घेतला आणि आम्ही दोघांनी मोठ्या समाधानानं बटण दाबलं.

पहिल्याच फेरीत सिव्हिल लागलं. आणि पहिल्या नंबराची जागा मिळाली की ती पक्की होते, पुढच्या फेरीत जाता येत नाही, हे त्या सूचनांच्या न वाचलेल्या पानावर स्वच्छ लिहिलेलं होतं. मी घाबरून अमरावतीच्या त्या कॉलेजची कट-ऑफ यादी उघडली. कॉम्प्युटरला ज्याचा सगळ्यात शेवटी नंबर लागला होता, त्याच्यापेक्षा माझ्या बहिणीचे मार्क जास्त होते. यादी तिच्याप्रमाणे भरली असती तर जागा तिची होती.

बाबांना सांगितलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "तिले नको सांगू. मन बसनार नाई तिचं अभ्यासात."

म्हणून मी तिला सांगितलं की कॉम्प्युटरला तिचे मार्क कमी पडले. तिनं एकदाच विचारलं, किती कमी पडले. मी म्हणालो, थोडेच. कट-ऑफ यादी तिनं स्वतः उघडून पाहिली नाही. दादा सांगतो म्हणजे तसंच असेल, असं तिला वाटलं. जागा मिळाल्याच्या पत्रावर पसंतीचा क्रमांक छापलेला होता, त्यामुळं अॅडमिशनच्या दिवशी फाईल मी शेवटपर्यंत माझ्याच हातात ठेवली. ती म्हणाली, दादा, दे ना मी धरतो. आमच्याकडं पोरीही 'धरतो'च म्हणतात. मी दिली नाही. गर्दीत हरवेल म्हणालो.

सिव्हिल तिला जड गेलं. मेकॅनिक्सच्या पेपरात दोनदा नापास झाली. ड्रॉइंगच्या शीटवर रात्ररात्र बसायची आणि सर एका रेघेवरून पूर्ण शीट परत करायचे. जो विषय आपण मागितलाच नाही तो दुप्पट कठीण होतो, हे मी तिच्याकडे बघून शिकलो. तिच्या वर्गात सिव्हिल आवडीनं घेतलेली पोरं होती. तोच पेपर ती पोरं हसतखेळत काढायची. दुसऱ्या वर्षी मी शेंगदाण्याची चटणी आणि लाडू घेऊन तिच्या होस्टेलवर गेलो. गेटबाहेरच्या बाकावर आम्ही बसलो. ती वाळली होती. डबा मांडीवर घेऊन म्हणाली, "मायी कुवतच कमी हाय दादा. कम्प्युटर भेटलं असतं तं तेबी नसतं जमलं मले."

तेव्हाच सांगायला हवं होतं. शब्द अगदी जिभेवर आले होते. पण परीक्षा तोंडावर होती, आणि मी म्हणालो, असं नाही बोलायचं, जमेल. परतीच्या बसमध्ये मी स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की शेजारच्या माणसानं सरकून घेतलं.

आमच्याच गल्लीतला एक पोरगा त्याच वर्षी कॉम्प्युटरला लागला होता. तो पास होऊन पुण्याला नोकरीला गेला, वर्षभरानं कंपनीनं माणसं कमी केली, आणि तो परत येऊन माझ्याच दुकानात भरतीचे फॉर्म भरायला लागला. त्याला दारात पाहिलं की मला आतून बरं वाटायचं. हे लिहायलाही लाज वाटते, पण वाटायचं. बघ, कॉम्प्युटर घेऊन तरी काय झालं, असं मी स्वतःला समजवायचो. बिचाऱ्याला वाटायचं, मी त्याला आपुलकीनं चहा पाजतो.

बहीण एक वर्ष जास्त घेऊन पास झाली आणि ठेकेदाराकडे एका पुलाच्या कामावर लागली. डोक्यावर हेल्मेट, अंगात माझा जुना शर्ट, हातात वही. पगार साइटवरच्या गवंड्यापेक्षा कमी, पण गवंडी तिला ताई म्हणून सळया मोजायला बोलवायचे. आता सरकारी ज्युनिअर इंजिनिअरच्या जागा निघाल्या होत्या. तो फॉर्म भरायला ती एका रविवारी दुकानात आली आणि आतल्या कॉम्प्युटरवर बसून फोटो, सह्या अपलोड करायला लागली.

त्याच वेळी आसेगावकडचे एक काका पोरीला घेऊन आले. पोरीला फार्मसी हवी होती, मार्क चांगले होते. काकांनी खुर्ची पुढं ओढली आणि मला समजावून सांगायला लागले की फार्मसी आपण सगळ्यात खाली टाकू, वर दुसरंच काहीतरी दाखवू, नाहीतर ते लोक भाव खातील. पोरगी खाली बघत होती.

माझा तोल गेला. "काका, हा बैलबाजार नोहे. इथं पह्यला नंबर भेटला का दावं बांधलं. मंग सोडता येत नाई. मी केलं हाय हे एकदा. एका पोरीची यादी उलटी भरली मी, आन् तिचे मार्क पुरून उरत होते."

बोललो आणि मला आठवलं की आत कोण बसलंय.

आतल्या की-बोर्डचा आवाज थांबला होता. मी त्या पोरीकडून तिची यादी तिच्याच तोंडानं वाचून घेतली, तशीच भरली, प्रिंट दिली. काका जरा फुगून गेले. दुकान रिकामं झालं तरी मी वळून बघितलं नाही. पिना नसलेल्या स्टेपलरशी खेळत बसलो.

मागून तिनं विचारलं, "ते पोरगी म्हंजे मीच ना?"

मी हो म्हणालो.

"मार्क कमी नव्हते पडले मले?"

"नाई."

मग मी सगळं सांगितलं. वहीचं पान, बाबांचं म्हणणं, कट-ऑफ यादी, फाईल. मला वाटलं ती रडेल, किंवा उठून निघून जाईल. ती स्क्रीनकडे बघत राहिली. मग म्हणाली, "इतकी वर्षं मले वाटून राह्यलं का मीच ढ आहो."

मी माफी मागितली, पण ती मलाच पोकळ वाटली. तिच्या हातून नुसती एक शाखा गेली असती तर मी ते कशानं तरी भरून काढलं असतं. मी तिचा स्वतःवरचा विश्वास काढून घेतला होता, आणि तो तसाच ठेवून घेतला होता.

फॉर्मचं शेवटचं पान उघडं होतं. नेमणूक कुठं हवी, त्याचा पसंतीक्रम. सवयीनं मी माऊसकडे हात नेला.

"सरक," ती म्हणाली. "मीच भरतो."

तिनं एकेक जागा भरली. घाई नाही केली. प्रिंट काढली, माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, वाच. मी मनात वाचायला लागलो. ती म्हणाली, मोठ्यानं, आणि शेवटपर्यंत. सूचनांच्या बारीक अक्षरांसकट मी तो कागद तिला पहिल्यांदा पूर्ण वाचून दाखवला. वाचताना मी दोनदा ओळ चुकलो, तेव्हा ती थांबली, पण मदत केली नाही.

शटर ओढताना मी विचारलं, बाबांना मी सांगू का. ती कागद फाईलमध्ये लावत होती.

"बाबाले नको सांगू मले समजलं म्हनून," ती म्हणाली. "जेवन जानार नाई त्याइले."

मी मोटरसायकल काढली. ती मागं बसायला लागली तेव्हा मी फाईल घ्यायला हात पुढं केला. तिनं ती स्वतःच्या मांडीवर ठेवली, त्यावर दोन्ही हात ठेवले, आणि म्हणाली, चाल.