एका थाळ्यातली उमेदवारी

"थांबा जरा. अजून कोन येवाचा हाय काय?" शुक्रवारी थाळ्याभोवती बसलं की चाचा हे विचारायचे. उत्तर मिळेपर्यंत भाताला कुणी हात लावायचा नाही, मग पोटात कावळे कितीही ओरडोत.

चाचा मूळचे रत्नागिरीकडचे. कुवेत सिटीत त्यांचं कापडाचं दुकान होतं. जुम्म्याची नमाज आटोपली की दस्मान भागातल्या त्यांच्या खोलीत आम्ही मराठी मंडळी जमायचो. एकच भलामोठा थाळा, त्यात भात आणि झुबेदीचं, म्हणजे तिथल्या पापलेटचं, कालवण. तुम्ही कधी असे एका थाळ्यात जेवला असाल, तर शेजारचा माणूस कसा कळतो ते वेगळं सांगायला नको.

एका वर्षी तिथल्या भारतीय मंडळाच्या चिटणीसपदासाठी आमच्या गटाला एक नाव द्यायचं होतं. आजाऱ्याला मायदेशी पाठवणं, कुणाचे अडकलेले कागद सोडवणं, सगळं चिटणीसाच्या हातात. इच्छुक दोघे. एक चाचांचा सख्खा भाचा युसुफ, बँकेतला, बोलायला उभा राहिला की सभा खिशात घालणारा. दुसरा सावंत, शुवैख बंदरावरच्या कचेरीतला, अगदीच अबोल. चाचांनी दोघांना जेवायला बोलावलं आणि त्या दिवशी आपला नेहमीचा प्रश्न मुद्दाम गिळला. युसुफनं बोलता बोलता माशाचा मधला तुकडा ओढला. सावंत मात्र हात आवरून दाराकडे बघत राहिला. आमच्यातला एक जण कामावरून यायचा होता.

गटाच्या बैठकीत चाचांनी हात वर केला तो सावंतसाठी. त्यांच्यामागोमाग बरेच हात वर गेले आणि सावंतचं नाव ठरलं.

"मामू, हा हरेल!" युसुफ ओरडला.

"हरू दे. मना जिंकनारा नको, थांबनारा होवा."

मंडळाच्या निवडणुकीत सावंत हरला, आणि सपाटून हरला. युसुफ मामाच्या दुकानाची पायरी चढेनासा झाला. आम्हीही चाचांची यथेच्छ टिंगल केली. "माजा मत बरोबर व्हता," एवढंच म्हणून ते कापड मोजायला लागायचे. पण दर शुक्रवारी थाळ्याची एक बाजू ते भाच्यासाठी मोकळी ठेवायचे. ते बघून मला फार वाईट वाटायचं.

पुढे तब्येत ढासळली आणि चाचा बोटीनं गावी गेले. काही महिन्यांनी ते वारल्याची तार आली. त्या शुक्रवारी युसुफनं आम्हाला दस्मानच्या खोलीत बोलावलं. मधोमध चाचांचाच थाळा. भात वाढून झाला, तसे आम्ही हात पुढे केले.

"थांबा जरा," युसुफ म्हणाला. "अजून कोन येवाचा हाय काय?"

यायचे ते सगळे आले होते. तरी आम्ही थांबलो.