हीट नंबर आणि शेवटचा एक

ती घटना आठवली की आजही माझं डोकं फिरतं. ठेकेदारावर फिरतं, डोळे मिटून सही ठोकणाऱ्या अभियंत्यावर फिरतं आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त माझ्यावरच फिरतं.

मी तेव्हा जुन्नर तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. डिंगोऱ्याच्या पुढच्या एका गावात उपसा सिंचन योजना सुरू व्हायची होती. नदीवरच्या पंपापासून टेकडीवरच्या टाकीपर्यंत पोलादी पाइप टाकले होते. चाचणीच्या दिवशी सकाळी पंप सुरू केला, पाण्याचा दाब चढला आणि एक पाइप फुटला. उडालेला तुकडा शेजारी उभ्या असलेल्या पंपचालकाच्या छातीत घुसला. माणूस जागीच गेला.

आम्ही पोहोचलो तेव्हा अख्खं गाव जमलं होतं. ठेकेदार डोळे पुसत पुढे आला. "साहेब, पाइप कंपनीचा आहे, त्याचे कागद आहेत माझ्याकडे. वेल्डरनं जोड कच्चा मारला." वेल्डर बाजूला मान खाली घालून उभा होता आणि जमाव त्याच्या अंगावर जात होता. मी त्याला गाडीत घातलं. जमावापासून वाचवायला घातलं असं म्हणायची सोय आहे, पण संध्याकाळी मीच त्याच्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल करून घेतला. पंचनामा हवालदाराने लिहिला. मी पाइपाजवळ वाकूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

कोर्टाने पाच दिवसांची पोलीस कोठडी दिली. चौकशीत वेल्डर एकच गोष्ट घोकत होता. "सायेब, माजा जोड बगा. जोड धड हाये. पाइप फाटलाय, जोड न्हाई." मी त्याच्यावर खेकसलो, "मला शिकवू नकोस!" त्याची बायको रोज पहिल्या एसटीने डबा घेऊन यायची आणि ठाण्यासमोरच्या कट्ट्यावर बसून राहायची. रडणं नाही, भांडणं नाही. तिसऱ्या दिवशी मी दारातून जाताना उठून उभी राहिली. म्हणाली, "सायेब, गाव मला नळावर पानी भरू दीना. ह्यांनी मानूस मारला म्हनत्यात." मी तिला ओलांडून आत गेलो.

त्याच दुपारी जुन्नरच्या पेठेतले एक हार्डवेअरवाले शेठ ठाण्यात आले. जुनं जैन घराणं, वय सत्तरीचं. साक्षी-पुराव्याच्या भानगडीत पडायला व्यापारी माणूस सहसा तयार नसतो, पण हे आपणहून आले होते.

"साहेब, तीन दिवस घास उतरत नाही," ते म्हणाले. "त्या ठेकेदारानं माझ्याकडून पाइप नेले नाहीत. पण काळ्या रंगाचे डबे नेले, पांढरा रंग नेला आणि इंग्रजी अक्षरांचे पत्र्याचे साचे नेले. नव्या पाइपाला रंग कशाला लागतो हो?"

मी तडक जागेवर गेलो. सोबत नारायणगावचे एक निवृत्त तपासनीस घेतले. उभी हयात त्यांनी पाइपाच्या कारखान्यात काढली होती. ते फुटलेल्या पाइपाशी उकिडवे बसले आणि मला हाताला धरून खाली वाकायला लावलं. वेल्डरचा जोड शाबूत होता, केसाएवढी भेग नव्हती. शेजारी त्याने लोखंडी ठशाने ठोकलेली स्वतःची खूणही होती. पाइप मात्र लांबीत फाटला होता. तपासनिसांनी चाकूने काळा रंग खरवडला, तर खाली जुन्या गंजाचे खड्डे. जाडी मोजली. कागदावर सहा मिलिमीटर, इथे चारही भरेना. मी तिथेच नवा पंचनामा लिहून घेतला.

"कार्बन स्टीलचा पाइप वरून सगळा सारखाच दिसतो," ते म्हणाले. "किती ताण सोसेल ते त्याच्या ग्रेडवर. ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून पाइपावर छापतात. सोबत हीट नंबर असतो. भट्टीत एका वेळी वितळलेलं पोलाद म्हणजे एक हीट. त्यात कार्बन किती, नमुना ओढून पाहिला तेव्हा किती ताणाला तुटला, पाण्याचा दाब किती दिला, हे त्या नंबराच्या प्रमाणपत्रात लिहिलेलं असतं. नंबर खोटा, तर पुढचं सगळं खोटं."

मी योजनेच्या अभियंत्याला बोलावलं. "पाइपावरचे नंबर कागदाशी जुळले म्हणून सही केली," तो म्हणाला. जाडी का मोजली नाही? "तशी पद्धत नाही आपल्याकडे." पद्धत नाही! माणूस मेला आणि हा पद्धत सांगतोय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

ठेकेदार त्याहून बिलंदर. जुने पाइप समोर ठेवले तरी म्हणतो, "मग मीच फसलो की साहेब! कारखान्यानं फसवलं मला." परराज्यातल्या कारखान्याचं प्रमाणपत्र त्याच्या बाजूने होतं आणि एकूण एक नंबर जुळत होता.

चौथ्या दिवशी सकाळी माझा हवालदार पाइपांवरच्या नंबरांची यादी उतरवत होता. दुपारी त्याला भाच्याच्या लग्नाला जायचं होतं, म्हणून आहेराचं पाकीट टेबलावर पडलं होतं, वर एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं. माझी नजर पाकिटावरून यादीवर गेली आणि तिथेच अडकली. सत्तावीस पाइप, त्यांवर नऊ वेगवेगळे हीट नंबर आणि प्रत्येकाच्या शेवटी एक! अरे, परराज्यातल्या भट्टीवाल्याला आपल्या आहेराचं काय पडलंय?

शेवटी एक लावायची सवय आकडे रंगवणाऱ्याची असणार, म्हणून देवळातल्या देणगीचे फलक रंगवणाऱ्यांची चौकशी केली. वारूळवाडीचा एक पेंटर सापडला. बिचारा मुळातच घाबरट, यादी पाहताच बोलायला लागला.

"आमीच लिवलं सायेब. ठेकेदारांनी गिरवायला एक चांगला पाइप दिल्ता. म्हनले, बाकी तसंच ठेव, निस्ता नंबर बदल, काय बी टाक. म्या पाच आकडे टाकले आन शेवटाला एक लावला."

"एकच का?"

"शून्यावर कसं सोडायचं? अपशकुन व्हतो. देवळाच्या फलकावर आमी कदी सोडत न्हाई. मला काय ठावं, ह्यानं मानूस मरंल!"

त्याने रंगवलेले नंबर उतरवून घेऊन ठेकेदाराने नंतर प्रमाणपत्र टाइप करून घेतलं होतं. जुळणारच ते! पेंटरला समोर उभं केल्यावर ठेकेदाराचा नूर उतरला. पाइप एका मोडीत निघालेल्या कारखान्याच्या भंगारातले होते. कबुली देतानाही म्हणतो कसा, "पाणीच तर जायचं होतं साहेब. तेल-गॅस थोडाच जाणार होता?" त्या वाक्याची चीड अजून माझ्या मनातून गेलेली नाही. पंपचालकाला पाण्यानेच मारलं होतं.

पाचव्या दिवशी मी वेल्डरविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल कोर्टात दिला आणि तो सुटला. बाहेर त्याची बायको डबा घेऊन उभी होती. मी म्हणालो, "चला, गाडीतून गावात सोडतो." माफी मागायची माझी तेवढीच हिंमत झाली.

"नगं सायेब," तो म्हणाला. "तुमच्या गाडीतनं जाताना गावानं लई बगितलं. तुमी आता जोड धड व्हता म्हनून लिवलंय ना, त्यो कागद द्या. आमी यष्टीनं जातो."

मी नव्या पंचनाम्याची प्रत दिली. बायकोने ती घडी घालून रिकाम्या डब्यात ठेवली, झाकण दाबून बसवलं आणि दोघं स्टँडकडे चालायला लागली.

नुसत्या जुळणाऱ्या कागदांवर मी पुढे कधी विश्वास ठेवला नाही. पण हे शहाणपण मला फुकट मिळालं आणि त्याची किंमत त्या दोघांनी मोजली. जोड बघा, एवढंच तो पहिल्या दिवसापासून सांगत होता. वाकून बघायला मला दोन मिनिटं लागली असती.