दिगंबरचा सत्कार

दिगंबर सुट्टीत कॅनडाहून आला की नाशिकच्या आमच्या कॉलेजात एक तास घ्यायचाच. आधी ओल्या फडक्याने स्वतः फळा पुसायचा आणि तो वाळेपर्यंत मुलांकडे पाठ करून गप्प उभा राहायचा. मुलांना वाटे, साहेब रागावलेत. राग त्याच्या अंगात नव्हताच. प्रयोग फसला तरी "बरं, मग आता काय करायचं?" एवढंच विचारायचा.

तो नामपूरचा. बी.एस्सी.ला आम्ही एका बाकावर होतो. एम.एस्सी.च्या परीक्षेत त्याला टायफॉइडने गाठलं आणि सेकंड क्लासवर भागवावं लागलं. तरी एका जर्मन प्राध्यापकाने त्याला बोलावून घेतलं. पुढे स्वीडन, मग कॅनडा. मी इथेच पदार्थविज्ञान शिकवत राहिलो आणि त्याच्या नावावर भाव खात राहिलो.

ऐंशी सालानंतर त्याच्या वडिलांना, आबांना, अर्धांगाचा झटका आला. आई आधीच गेलेली, आणि आबा गाव सोडायला तयार नव्हते. आमच्याकडे लेक्चररची जागा निघाली तशी दिगंबरने अर्ज केला. मी तर त्याच्यासाठी घरही बघून ठेवलं. नियम आडवा आला. एम.एस्सी.ला जे किमान गुण हवेत, त्यात तो कमी पडत होता. प्राचार्यांनी विद्यापीठाचे उंबरठे झिजवले, उपयोग झाला नाही. "बरं, मग आता काय करायचं?" दिगंबर म्हणाला.

प्राचार्यांना फार वाईट वाटलं, म्हणून त्यांनी त्याचा सत्कार ठेवला. त्याच्या परदेशी विद्यापीठांची नावं मीच वाचून दाखवली. इतकं लाजिरवाणं भाषण मी दुसरं केलं नाही. आबांना जीपने आणून पुढच्या खुर्चीत बसवलं होतं. शाल-नारळ झाला, टाळ्या झाल्या, आणि आबा लेकाचा हात धरून रडायलाच लागले. त्यांना वाटलं, नोकरी मिळाली, लेक आता इथेच राहणार.

"आते आठेच ऱ्हाशी ना रे, दिगू?"

दिगंबरने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "हा, आबा."

पुढचे काही दिवस खरं सांगायला म्हणून तो आबांच्या बाजेवर जाऊन बसे आणि कांद्याच्या भावाचं बोलून उठे. शेवटी रजा संपली. आबांचं औषधपाणी कॅनडातल्या पगारावरच चाललं होतं. तो न सांगताच गेला.

त्यानंतर मी अधूनमधून नामपूरला जायचो. मी आत आलो की दिगंबरही आला असेल म्हणून आबा माझ्या पाठीमागे दाराकडे बघत राहायचे.

"दिगू काबर नही उना, भाऊ?" ते विचारायचे. "नाशिक काय इतलं दूर शे?"