चाकांवरची झाकणं

मारुंजीत आम्ही भाड्याने राहतो त्या घरापुढच्या फरशीच्या अंगणात आमची मोटरहोम उभी असते. मोटरहोम हा माझ्या इंजिनिअर नवऱ्याचा शब्द. मुळात ती एक जुनी मिनीबस, आत पलंग, शेगडी आणि बेसिन बसवलेली. नवऱ्याचा जीव तिच्यात आणि माझा नवऱ्यात, म्हणून मीही तिला सहन करते.

घरमालक काकांच्या मात्र ती डोळ्यांत खुपायची. आषाढातच त्यांनी निर्वाणीचं सांगितलं, "पोळ्याला भाच्याचं बैल हितं पुजायचं हायेत. अंगण मोकळं पायजे. त्या दिशी गाडी दिसली, तर परत आत घ्यायची न्हाई." आणि बाहेर रस्त्यावर तर स्कूटर लावायलाही भांडावं लागतं. अंगण गेलं की गाडी विकावी लागणार, हे दोघांनाही कळलं. नवऱ्याचं तोंड उतरलं ते उतरलंच.

गंमत अशी, की गाडीवर एवढा राग असूनही काका रोज सकाळी पाट घेऊन तिच्या मागच्या चाकाशी बसायचे आणि चाकावरच्या चकचकीत झाकणात बघून दाढी करायचे. झाकण फुगीर. त्यात त्यांना स्वतःचं नाक केवढं दिसत असेल, या विचाराने मी वर गॅलरीत तोंड दाबून हसायची.

आम्ही शब्द पाळला. श्रावणातल्या अमावास्येला पहाटेच गाडी काढली, मुळशी धरणाच्या कडेला दिवसभर भजी खाल्ली आणि संध्याकाळी परतलो. काका ओट्यावर बसले होते. "भटकून आलात व्हय?" एवढंच म्हणाले. सुटलो म्हणून नवऱ्याने त्या आनंदात मला आइस्क्रीमही खिलवलं.

गणपती गेल्यावर त्याने चाकं रंगवायला घेतली. झाकणं उचकटली तर मागून गंज, वाळका चिखल आणि एक मेलेली पाल निघाली. वरून एवढा थाट आणि आत हे! मग गाडी स्टँडवर चढली, चाकं उतरली, टायर काढून कोपऱ्यावरच्या टायरवाल्याकडे गेले. रिकाम्या रिमा अंगणात घासून त्यांना तांबडा प्रायमर बसला. वरून काळा द्यायचा होता, चमक नसलेला. नवऱ्याच्या मते तो फार भारदस्त दिसतो. मला तो तव्याच्या बुडासारखा दिसत होता.

काका सारखे भोवती घुटमळत होते. "चांगली झाकणं हुती की. कशापायी काढली?" त्यांच्या हनुवटीवर ताजं कापलेलं होतं.

प्रायमर वाळत होता, तोच ते म्हणाले, "उद्या पोळा. गाडी काढा."

"काका, पोळा होऊन गेला की!" मी म्हणाले.

"कुटं झाला? तुमच्या लातूरकडं झाला आसंल. आमचा भादव्यात आसतो."

या गावातलं आमचं पहिलंच वर्ष. नवऱ्याने एकदा काकांकडे पाहिलं, एकदा बिनचाकाच्या गाडीकडे, आणि टायरवाल्याकडे धाव घेतली. दुकानाला कुलूप होतं. तोही पोळ्यालाच गावी गेला होता.

सकाळी भाच्याच्या पिकअपमधून बैल उतरले. काकांनी आमच्याकडे पाठ फिरवली. गाडीशेजारी उरलेल्या जागेत बैल उभे करून ते शिंगांना गुलाबी रंग देत बसले. मला भीती वाटत होती आणि रागही येत होता, जास्त करून स्वतःचा, पोळा कधी ते आधी न विचारल्याचा. नवरा अंघोळीला गेल्यावर मी चहा घेऊन खाली गेले.

"काका, रंग उरणार का हो?"

त्यांनी रिमांकडे पाहिलं. ब्रश तिकडे वळला. मग मी ती झाकणं त्यांच्यासमोर आणून ठेवली. "आणि ही भंगारात द्यायचीत."

"भंगारात?" काका एवढे ओरडले, की बैलाने शेपटी आवरली. त्यांनी झाकणं टॉवेलने पुसली, एकात आपली मिशी पाहून घेतली आणि सुतळीने ती बैलांच्या झुलींवर दोन्ही अंगांना बांधली.

नवरा केस पुसत खाली आला, तेव्हा त्याची चाकं गुलाबी होती आणि त्याची झाकणं बैलांच्या अंगावर ऊन फेकत होती. काकूंनी बैल ओवाळले, त्यांना पुरणपोळी भरवली आणि हातासरशी ओल्या रिमांनाही कुंकू लावलं. नवरा माझ्याकडे बघत राहिला. मी आरतीचं ताट सावरण्यात फार गुंतले होते.

मिरवणुकीत सगळं गाव झाकणांभोवती गोळा झालं म्हणे. काका छाती काढून परतले, पण गाडीबद्दल अवाक्षर नाही. संध्याकाळी नवऱ्याने गाडी घेऊ म्हणणाऱ्या एका मित्राला फोन लावला. बोलताना तो सारखा गाडीकडे बघत होता आणि मला त्याची चाकं गुलाबी करवल्याचं वाईट वाटत होतं.

सकाळी गॅलरीतून पाहिलं तर काका पाट घेऊन गाडीच्या मागच्या अंगाला, नेहमीच्याच जागी बसलेले. चाक नव्हतं, म्हणून झाकण स्टँडला टेकवलं होतं. त्यांनी गाल फुगवला, वस्तरा लावला आणि वर न बघताच हाक दिली.

"इंजिनेर, चाकं बसवा नीट. आन् गाडी हितनं हलवू नका, उजेड लई बेस पडतोय."