सरदाराचं नाक

बागेतले पुतळे धुणाऱ्या मावशींना त्या जुन्या इस्टेटीचं काडीचं कौतुक नव्हतं. "जिना चढावा तर वर दारच नाही, मनोऱ्याला खिडकी नाही! पैसा उतू चालला की असले चाळे सुचतात," म्हणत त्या बादली आपटायच्या.

कारंज्याजवळच्या दगडी सरदाराचं नाक तुटलं, तेव्हा मावशींच्या गवंडी नवऱ्याने आरशात बघून स्वतःचंच फताडं नाक त्याला सिमेंटने बसवलं. पुढे नवरा गेला, नाक राहिलं.

परवा एक पाहुणी त्यापुढे हरखून म्हणाली, "काय खानदानी नाक आहे!"

बाकीच्या पुतळ्यांवर मावशी नुसतं पाणी मारत. या नाकावर मात्र खराटा खसाखसा फिरवत त्या फणकारल्या, "डोंबलाचं खानदानी! जन्मभर माझ्या कानाशी घोरलंय मेलं!"